उमरेडला ॲल्युमिनियमच्या भुकटीचा स्फोट, तशीच धूळ आपल्या ग्राइंडरखाली

आंजर्ले : ११ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड एमआयडीसीत ॲल्युमिनियमची भुकटी आणि फॉइल बनवणाऱ्या एमएमपी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला. दुसऱ्या दिवसापर्यंत मृत कामगारांचा आकडा पाचवर गेला होता. बातमी मोबाईलवर आली तेव्हा टपरीवर एकाने विचारलं, ॲल्युमिनियम कसं काय फुटेल? घरातला टोप रोज आगीवर असतो, तो कधी पेटला का?

प्रश्न रास्त आहे. राब भाजणाऱ्याला उत्तर कळायला वेळ लागणार नाही. आंब्याचा ओंडका तासभर धुमसत बसतो, पातेरा मात्र भुरकन जातो. लाकूड तेच, पण पातेऱ्याला सगळीकडून हवा लागते. धातूचंही तसंच. टोपावर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, म्हणजे त्याच्याच गंजाची, डोळ्याला न दिसणारी पातळ साल असते. ती आतल्या धातूपर्यंत हवा जाऊ देत नाही. त्याच टोपाचं पिठासारखं चूर्ण केलं की हवा लागणारी जागा हजारो पटीने वाढते. मग एक ठिणगी पुरते.

भुकटी जमिनीवर पडून पेटली तर आग लागते. तीच बंद खोलीत हवेत उडाली आणि पेटली तर स्फोट होतो. वाईट म्हणजे पहिल्या लहान धक्क्याने तुळयांवर, पत्र्याखाली साचलेली धूळ खाली येते आणि दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा बसतो. चीनमध्ये कुनशान इथे २ ऑगस्ट २०१४ रोजी गाड्यांच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात अशीच ॲल्युमिनियमची धूळ पेटली. अखेर १४६ माणसं गेली. तिथे भुकटी बनवतही नव्हते, ती पॉलिश करताना उडणारी धूळ होती.

आग लागली की आपण आधी बादली उचलतो. इथे तेच चुकतं. पेटलेलं ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा होतो, तोही पेटतो. शिवाय पाण्याच्या झोताने भुकटी उडते ती वेगळीच. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही उपयोगाचा नाही. कोरडी वाळू हळूच पसरायची, नाहीतर धातूच्या आगीसाठीचा डी वर्गाचा अग्निशामक वापरायचा. खाडीवरची ओली वाळू चालणार नाही.

आता गंजाकडे येऊ. आपला जांभा आणि तांबडी माती म्हणजे बऱ्याच अंशी लोखंडाचं आणि ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. केळशी-उंबरशेतचं बॉक्साइट त्यातलंच. ही माती पेटत नाही, कारण एका अर्थी ती आधीच जळून झालेली आहे. पण लोखंडाच्या ऑक्साइडजवळ ॲल्युमिनियमची भुकटी आली आणि पुरेशी उष्णता मिळाली, तर ॲल्युमिनियम त्याचा ऑक्सिजन हिसकावून घेतं. त्याला बाहेरची हवा लागतच नाही. जर्मन रसायनतज्ज्ञ हान्स गोल्डश्मिट यांनी १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं. रुळांचे सांधे जागेवरच जोडायला भारतीय रेल्वे हीच पद्धत वापरते. अर्ध्या मिनिटाच्या आत वितळलेलं पोलाद तयार होतं. उष्णता सुमारे २५०० अंश, आणि लोखंड वितळतं १५३८ अंशाला.

शिकलेल्या माणसाच्या हाती हे काम ठीक. बंदरावर होड्यांची दुरुस्ती चालते तिथे मात्र नकळत दोन्ही वस्तू एकत्र येतात. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे हवेत जळणारे लोखंडाचे कणच. त्याच चाकावर आधी ॲल्युमिनियम घासलेलं असेल, किंवा गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग मारून त्यावर हातोडा बसला, तर निघणारी ठिणगी साध्या ठिणगीपेक्षा कितीतरी गरम असते. शेजारी डिझेलची टाकी असतेच. म्हणून ॲल्युमिनियमला चाक वेगळं हवं, आणि चुरा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचा नाही, मऊ ब्रशने गोळा करायचा.

उमरेडला स्फोट झाला तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३७ नेमकं अशा धुळीबद्दल आहे. यंत्र बंदिस्त ठेवा, धूळ साचू देऊ नका, ठिणगी दूर ठेवा. कायदा कमी पडला असं मला वाटत नाही. ठेकेदाराकडे लागलेल्या पोराला तो कोणी वाचून दाखवत नाही, इथे घोडं अडतं. आपल्याकडची पोरं लोट्याला, महाडला जातात. पगार किती हे विचारतात, तसं छताच्या तुळईवर काय साचलंय आणि कोपऱ्यातला सिलिंडर कुठल्या आगीचा आहे हेही विचारायला हवं.

परवा ओळखीच्या एका वेल्डिंगवाल्याला हे सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, ग्राइंडर उलटा करून चाक दाखवलं. त्यावर पांढरा आणि तांबडा, दोन्ही चुरा होता.