घरटं बाईला दिसतं, पैसा सातबाऱ्याला

गेल्या पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावी बैठकीला गेले होते. विषय सारस पक्ष्याचा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय, तोही मोजका. घरटं करतो ते ऐन धानाच्या बांधीत, पाण्यात काडीकचऱ्याचा ढीग रचून. अंडी बहुधा दोन, उबवायला महिनाभर. तेवढ्या दिवसांत कुत्री शिरली, कुणी अंडी उचलली, की त्या जोडीचं वर्ष वाया. एका साहेबांनी सूचना मांडली : भाषणं पुरेत, ज्याच्या शेतातून पिल्लू उडेल त्या शेतकऱ्याला रोख पैसे द्यावेत. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, घरटं त आमालेच दिसते. रोवणीले, निंदाले आमीच वाकतो ना? मालक धुऱ्यावर उभा ऱ्हायते." हशा पिकला आणि विषय पुढे गेला. तो तसा पुढे जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

सूचना वाईट नाही. आपल्याकडे जनावरानं पीक नासलं तर भरपाई. म्हणजे नुकसानीला पैसा, जगवण्याला काही नाही. स्वीडननं हे १९९६ मध्ये उलटं केलं. रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांना मेलेल्या जनावरांचे पैसे देण्याऐवजी, त्यांच्या भागात लिंक्स आणि वुल्व्हरीन या शिकारी प्राण्यांची किती वेतं झाली ते मोजून पैसे द्यायला सुरुवात केली. आयर्लंडच्या बरेन या खडकाळ मुलखात शेतकऱ्याच्या कुरणाला दहापैकी गुण देतात आणि गुणांप्रमाणे पैसे. नेदरलँड्समध्ये गवत उशिरा कापण्याबद्दल वगैरे शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं पैसे मिळत होते. त्यानं पक्षी वाढले नाहीत, असं २००१ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं. तेव्हा काम केल्याच्या सहीवर नव्हे, पिल्लू मोजून पैसे द्या, हे मला पटतं.

पण पिल्लू कुणाच्या श्रमानं उडालं, हे कोण मोजणार?

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर खातेदारांत बाया जेमतेम चौदा. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे, पण हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन ती माहेरचा उंबरा सांभाळते. अशा सातबाऱ्यावर पैसे वाटले तर काय होईल ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. घरट्याभोवतीचे चार हात निंदायचे सोडायचे, कुत्री हाकलायची, पोरांना अंड्यांपासून लांब ठेवायचं, हे सारं बाईनं करायचं. चेक घरधन्याच्या नावानं. आणि जिचं शेतच नाही, रोजानं रोवणीला येते, तिचं काय? तिनं घरटं पाहून मुकाट्यानं वाट बदलली, त्याची नोंद कुठल्या रकान्यात?

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, पक्ष्याला किंमत लावू नका, बाई मुळातच निसर्गाच्या जवळ असते, ती मायेनं जपेल. माफ करा, ही माया फार झाली. स्वयंपाक मायेनं, म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं मायेनं, आता सारसही मायेनं! फुकट करायचं काम निघालं की आमचा निसर्गाशी संबंध बरा आठवतो.

दुसरं, जोखीम. पिल्लू उडालं तरच पैसे, म्हणजे नाला फुगून घरटं वाहून गेलं तर महिनाभराची राखण पाण्यात. बागायतदार हे सोसेल. दीड एकरवाली सोसणार नाही, ती पुढल्या वर्षी घरटं दिसलं तरी बोलणार नाही. म्हणून काही रक्कम राखणीची, ठरलेली; वरची रक्कम पिल्लाची. आणि सारस एका बांधीत अंडी घालतो, चरतो मात्र दहा जणांच्या बांधीत, मामा तलावात. एकाच खातेदाराला पैसे देणं त्या हिशेबानंही चूक. स्वीडनमध्ये ते पैसे सामींच्या गावसंस्थेला जातात, एकट्यादुकट्याला नाही. आपल्याकडेही गावाला द्या. पण गाव म्हणजे पारावरची पाच माणसं नव्हेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा महाराष्ट्राचा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरातच भरते. वाटपाचा ठराव तिथे व्हावा, मजूर बायांना धरून. घरट्यांची मोजणी करायलाही त्यांनाच नेमा, रोज देऊन. बाहेरून दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांना शेवटी वाट त्याच दाखवतात.

साहेबांना हे सांगितलं. म्हणाले, "कागदावर नाव असल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, मॅडम." मग कागद बदला! १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत हजारो नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती, तेव्हा तलाठ्यानंच कागद लिहिले ना?

पुढची बैठक धान कापून झाल्यावर आहे. निमंत्रण खातेदारांना आहे. आम्ही अकरा जणी जाणार आहोत. त्यातल्या दोघींच्या नावावर जमीन आहे.