ओली डबी, कोरडी डबी

मे महिन्यातील एक सकाळ. नऊ वाजले नव्हते, तरी रामदासपेठेतील रस्त्यांवर ऊन तापू लागले होते. दवाखाना नुकताच उघडला होता. एवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या नातीचा हात धरून घाईने आत आले. हॉकीच्या उन्हाळी शिबिरात चेंडू तोंडावर बसून मुलीचा ओठ फाटला होता आणि वरचा पुढचा दात हलत होता.

"माउथगार्ड लावले नव्हते का?" मी विचारले. मुलगी मान खाली घालून बसली. उत्तर आजोबांनीच दिले. "डॉक्टरसाहेब, चूक माझी आहे जी. त्याला वास यायला लागला, म्हणून पोरीनं ते लावणंच सोडलं. आणि ठेवत तर मीच होतो."

त्यांनी पिशवीतून एक डबी काढली. डबी चांगली होती, झाकण घट्ट होते. आत काठोकाठ पाणी आणि त्या पाण्यात माउथगार्ड. बोट लावले तर वरचा थर बुळबुळीत लागला. हे आजोबा दहा वर्षांपासून माझ्याकडे येतात. त्यांची कवळी मीच बसवली आणि ती रात्री पाण्यात ठेवावी, हेही मीच बजावले. तोच नियम त्यांनी मायेने नातीच्या वस्तूलाही लावला होता. दोन्ही वस्तू तोंडात घालायच्या, तेव्हा दोन्हींची निगा सारखीच असणार, असे त्यांना वाटले. माझ्याकडून एवढेच राहिले होते की, माउथगार्डचा नियम कवळीच्या अगदी उलटा आहे, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते.

मुलीचा दात शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून स्थिर केला. दात वाचला. पण आजोबांचा चेहरा माझ्या मनातून गेला नाही. म्हणून आजचा हा लेख एका क्षुल्लक वाटणाऱ्या डबीविषयी.

माउथगार्डचा इतिहास फार जुना नाही. लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी १८९० च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांच्या दातांवर गटापर्चाची पट्टी बसवली. गटापर्चा म्हणजे एका झाडाच्या चिकापासून मिळणारा, रबरासारखा पदार्थ. आज बाजारात मिळणारी बहुतेक माउथगार्ड इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट या लवचिक प्लॅस्टिकची असतात. गरम पाण्यात मऊ करून, दातांखाली दाबून त्यांना आकार द्यायचा, ही त्यांची सर्वपरिचित पद्धत. गरम पाण्याने आलेला हा आकार उष्णतेनेच बिघडतोही. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद उभ्या असलेल्या गाडीत तर त्याहूनही बराच अधिक. अशा गाडीत राहिलेले माउथगार्ड संध्याकाळी दातांवर नीट बसेनासे होते. सैल माउथगार्ड फटका धड सोसत नाही आणि मूल ते सारखे जिभेने ढकलत राहते.

म्हणून माउथगार्डची डबी घेताना पहिली गोष्ट पाहावी ती छिद्रे. झाकणाला आणि बुडाला, दोन्हीकडे हवा खेळेल अशी छिद्रे हवीत. ओलसर वस्तू बंद डबीत कोंडली की जंतू आणि बुरशी यांना रान मोकळे मिळते. दुसरी गोष्ट, डबी कडक हवी. कारण ती खेळाच्या पिशवीत बूट आणि हॉकी स्टिक यांच्याखाली चेपली जाणार असते. तिसरी गोष्ट मापाची. आत माउथगार्ड मोकळेपणाने बसले पाहिजे. दाबून झाकण लावावे लागत असेल, तर ती डबी आपली नव्हे. आत कापडाचे वा स्पंजाचे अस्तर नको, ते ओल धरून ठेवते. साबणाने सहज धुता येईल अशी साधी, गुळगुळीत डबी उत्तम. रंग भडक असावा आणि वर मुलाचे नाव लिहिलेले असावे, कारण एकाचे माउथगार्ड दुसऱ्याने चुकूनही तोंडात घालू नये.

खेळून आल्यावर माउथगार्ड थंड पाण्याने आणि साबणाने मऊ ब्रश फिरवून धुवावे, झटकून पूर्ण कोरडे करावे, मगच डबीत ठेवावे. डबीही आठवड्यातून एकदोनदा धुवावी. पावसाळ्यात काहीच लवकर वाळत नाही. तेव्हा झाकण उघडे ठेवून ती थोडा वेळ पंख्याखाली ठेवावी. उन्हात मात्र वाळवू नये. माउथगार्ड फाटले, सैल झाले किंवा मुलाला नवे दात आले, तर डबी कितीही चांगली असो, माउथगार्ड बदलावे लागते.

आता आजोबांच्या डबीकडे वळू. कवळी बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते. ती कोरडी पडत राहिली तर तिचा आकार किंचित बदलतो आणि सकाळी ती हिरड्यांना टोचू लागते. तिला साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे असते. म्हणून कवळीच्या डबीला छिद्र नको. डबी खोल हवी, म्हणजे वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या पूर्ण बुडतील. तोंड रुंद हवे. आत उचलून घेता येईल अशी जाळीची टोपली असल्यास फारच सोयीचे, कारण थरथरत्या बोटांना पाण्यात चाचपडावे लागत नाही. झाकण घट्ट, पण उघडायला सोपे असावे. दुकानातच ज्येष्ठांच्या हाती डबी देऊन त्यांना ती दोनदा उघडायला सांगावी. संधिवाताने आखडलेल्या बोटांना जो खटका उघडत नाही, तो घरी आल्यावरही उघडणार नाही.

पाणी रोज बदलावे. उकळते पाणी वापरू नये, त्याने कवळी वाकते. कवळीला धातूचे भाग असतील, तर ब्लीचसारखी द्रव्ये टाळावीत. धुताना बेसिनमध्ये थोडे पाणी भरून घ्यावे किंवा टॉवेल अंथरावा. हातातून निसटलेली कवळी कठीण पृष्ठभागावर पडली की तडकते. काही घरांत ती पाण्याच्या पेल्यात ठेवण्याची रीत आहे. पेला लवंडतो, अंधारात कोणी पाणी म्हणून उचलतो, सकाळी कामाच्या घाईत कोणी ते पाणी कवळीसकट ओतून देतो. डबीला हे भय नाही.

"रात्री काढायलाच हवी का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. होय, दंतवैद्याने वेगळे सांगितले नसेल तर काढावीच. हिरड्यांना विश्रांती लागते. अहोरात्र कवळी लावणाऱ्यांच्या टाळूवर बुरशीमुळे लाल चट्टे येतात. २०१५ साली जपानमधील ८५ वर्षे आणि त्यावरील ५२४ ज्येष्ठांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रात्री कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आढळला. उशाशी योग्य डबी असली, की कवळी काढून ठेवण्याचा कंटाळा येत नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला रुग्णालयात दाखल करावे लागले. जेवताना तिने कवळी काढली आणि कागदी रुमालात गुंडाळून ताटाच्या कडेला ठेवली. ताट उचलणाऱ्याने रुमाल कचरा समजून टाकून दिला. दोष कोणाला द्यायचा? दंतवैद्याच्या आईजवळ कवळीची डबी नव्हती, हा दोष माझाच होता. नवी कवळी तयार होईपर्यंत तिने कित्येक आठवडे वरणभात आणि पेज यांवर काढले. वजन उतरले. पण तिला त्याहून अधिक सलले ते निराळेच. भेटायला येणाऱ्यांपुढे ती पदर तोंडावर धरून बसे आणि फोनवर बोलायचे टाळी. कवळी हरवली की माणसाचे बोलणे आणि हसणेही काही काळ हरवते, हे मी तेव्हा घरात पाहिले.

तेव्हापासून मी सांगतो की, रुग्णालयाच्या पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांइतकीच नाव लिहिलेली डबी महत्त्वाची. डबीवर ठळक अक्षरांत ज्येष्ठांचे नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक असावा. "यांना कवळी आहे आणि ती या डबीत राहते," हे परिचारिकेला तोंडी सांगावे. उशीखाली, पांघरुणात, रुमालात वा खिशात कवळी कधीही नको.

घरी स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील, तर डबीची जागा एकच ठेवावी आणि ती बदलू नये. डबीचा रंग आसपासच्या वस्तूंहून वेगळा असावा, म्हणजे ती चटकन दिसते. कवळी धुण्याच्या गोळ्या मात्र त्यांच्या हाताशी ठेवू नयेत. औषध समजून त्या तोंडात घातल्या जाण्याचा धोका असतो.

दोन आठवड्यांनी आजोबा आणि नात तार काढायला पुन्हा आले. नवे माउथगार्ड छिद्रांच्या नारंगी डबीत होते. आजोबांनीही स्वतःसाठी निळी, खोल डबी घेतली होती. नातीने दोन्हींवर पक्क्या शाईने लिहिले होते. एकीवर तिचे नाव आणि "कोरडी". दुसरीवर "आजोबा" आणि "पाणी". "आता चुकणार नाही जी," आजोबा म्हणाले.

वाचकहो, आपल्या घरातील डब्या आज एकदा उघडून पाहा. आतली वस्तू ओली राहायला हवी की कोरडी, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर झाकणावर लिहून ठेवा.