शौर्य हे सज्जतेला पर्याय नव्हे

दरवर्षी २६ जुलैला तोलोलिंग आणि टायगर हिल यांची नावे देशभर दुमदुमतात, आणि ती दुमदुमलीच पाहिजेत. परंतु त्या कड्यांवर चढणाऱ्या जवानांसाठी ज्यांनी आकाशातून मृत्यूशी झुंज घेतली, त्या वैमानिकांचे स्मरण आपण किती करतो? आणि करतो तेव्हा त्यातून काही शिकतो काय?

१९६२ साली चीनविरुद्ध आपल्या राज्यकर्त्यांनी लढाऊ विमाने वापरलीच नाहीत. वाहतूक विमानांनी चुशूलला रणगाडे पोहोचविले. पण शत्रूवर एकही बॉम्ब पडला नाही. भूदलाचा जवान एकाकी लढला. १९९९ मध्ये ते पाप पुन्हा घडले नाही. २६ मे रोजी वायुदलाची ‘सफेद सागर’ मोहीम सुरू झाली.

दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे इंजिन बंद पडले व त्यांना हवाई छत्रीने उतरावे लागले. स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा यांना आपले मिग-२१ घेऊन सुखरूप परतता आले असते. तसे न करता सहकाऱ्याचा ठाव घेण्यासाठी ते क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात घिरट्या घालीत राहिले. विमानावर क्षेपणास्त्र आदळले. त्यांचा देह परत आला तेव्हा त्यावर गोळ्यांच्या जखमा होत्या. विमानातून जिवंत उतरलेल्या योद्ध्याची ही हत्या होती. राष्ट्राने त्यांना मरणोत्तर वीरचक्र दिले.

२८ मे रोजी तोलोलिंगवर हल्ला चढविणारे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. पुंडीर, मुहिलन, प्रसाद आणि साहू हे चौघे वीर धारातीर्थी पडले. क्षेपणास्त्राला चकविणारे अग्निबाण त्या हेलिकॉप्टरवर नव्हते!

जयघोष क्षणभर थांबवून येथेच प्रश्न विचारला पाहिजे. २१ मे रोजीच टेहळणीवरील कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागले होते. धोका ठाऊक होता. मग हे चौघे त्या संरक्षणाविना का गेले?

‘युद्धात हानी व्हायचीच’, असे सांगणारे शहाणे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना उत्तर त्याच युद्धाने दिले आहे. त्या दिवसानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरे हल्ल्यातून मागे घेण्यात आली, विमाने अधिक उंचीवरून मारा करू लागली आणि २४ जूनला मिराज विमानांच्या लेझर-नियंत्रित बॉम्बनी टायगर हिलवरील शत्रूचे ठाणे टिपले. वायुदल तेच, निधडी छातीही तीच. बदलली ती साधने आणि पद्धत. म्हणजे जी हानी अटळ म्हणून गणली जाते, तिच्यातील काही टाळता येण्याजोगी असते.

हा इतिहास शिळा झालेला नाही. १९६३ साली दाखल झालेले मिग-२१ निवृत्त झाले ते २०२५ च्या सप्टेंबरात. वायुदलाला मंजूर तुकड्या ४२; त्या निवृत्तीनंतर उरल्या २९. ही तूट एका सरकारची नव्हे. ती दशकानुदशकांच्या दिरंगाईची, फाइलींवर बसून राहणाऱ्या वृत्तीची आणि संरक्षणखर्चाला उधळपट्टी समजणाऱ्या बुद्धिवादाची कमाई आहे.

आहुजांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. वैमानिक आपले प्राण पणाला लावतो, ते त्याचे कर्तव्य. त्याच्या हाती योग्य साधन वेळेवर देणे हे राष्ट्राचे कर्तव्य. पहिल्याने आपले कर्तव्य कधीच चुकविलेले नाही. दुसऱ्याचा हिशेब मागण्याचे काम जागृत समाजाचे आहे. आणि तो हिशेब सत्तेवर कोण आहे, हे न पाहता मागितला पाहिजे.