विश्लेषण : स्वस्तातला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा की टाळावा?

आठ हजार रुपये म्हणजे वऱ्हाडात जवळपास एक क्विंटल कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलमागे ८११० रुपये आहे आणि तोही प्रत्येकाच्या हाती पडतोच असे नाही. नांदगाव पेठेसारख्या गावात एकीकडे औद्योगिक वसाहतीतला पगार आणि दुसरीकडे शेतीचे उत्पन्न यांवर घर चालते. तिथे एवढी रक्कम खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यावर घालायची तर विचार करावाच लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घरोघरी असलेले हे कॅमेरे फोनने हद्दपार केले होते. आता महाविद्यालयीन मुलामुलींमध्ये ‘डिजिकॅम’ची हौस पुन्हा आली आहे आणि ऑनलाइन दुकानांत ‘४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ अशा जाहिरातींची रांग लागली आहे. मात्र यातला कोणता कॅमेरा पैशाचे मोल देतो आणि कोणता नुसता खेळणे ठरतो, हे पाकिटावरच्या आकड्यांवरून कळत नाही.

हा कॅमेरा मागे का पडला होता?

जपानी कॅमेरा उत्पादकांची संघटना ‘सिपा’च्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. त्यांतले बहुतेक छोटे, भिंग न बदलता येणारे होते. २०२३ पर्यंत या छोट्या कॅमेऱ्यांची संख्या २० लाखांच्या आत आली. फोनमध्ये कॅमेरा आला, पाठोपाठ स्वस्त इंटरनेट आले आणि फोटो काढणे व पाठवणे हे एकच काम होऊन बसले. कंपन्यांनी स्वस्त मॉडेल एकेक करून बंद केली. त्यामुळे नव्या मालात नामांकित कंपनीचा खरोखर स्वस्त कॅमेरा आज मोजकाच मिळतो. हौस परतल्यावर कॅनन कंपनीने २०१६चेच एक मॉडेल किरकोळ बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणले, यावरून या वर्गात नवे संशोधन किती थांबले आहे ते दिसते. ‘कोडॅक’ नावाचे छोटे कॅमेरेही आज मूळ कोडॅक कंपनी बनवत नाही. ते नाव परवान्यावर घेतलेली दुसरी कंपनी बनवते. म्हणून ते वाईट ठरत नाहीत, पण जुन्या नावाच्या भरवशावर डोळे झाकून घेण्यातही अर्थ नाही.

मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो चांगला का?

नाही. चार बाय सहा इंचांचा फोटो स्वच्छ छापायला सुमारे २२ लाख ठिपके, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोलाही आठ-दहा मेगापिक्सेलमध्ये भागते. खरी गोष्ट आहे ती सेन्सरच्या आकाराची, म्हणजे प्रकाश झेलणाऱ्या पाटीची. सोनीचा डब्ल्यू८००, कॅननचा इक्सस १८५, निकॉनचा कूलपिक्स ए१० किंवा कोडॅक नावाचा एफझेड५५ या साऱ्यांत साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटरचा सेन्सर असतो. आज मध्यम किमतीच्या अनेक फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर तेवढाच किंवा त्याहून मोठा असतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. सावलीतला चेहरा उजळतो आणि मागचे आभाळही पांढरेफटक होऊ देत नाही. स्वस्त कॅमेऱ्याकडे ही हुशारी फारशी नसते. त्यामुळे ‘फोनपेक्षा चांगले फोटो येतील’ एवढ्याच अपेक्षेने तो घेतला, तर निराशा ठरलेली.

चार-सहा हजारांतल्या अनोळखी ब्रँडच्या कॅमेऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्यांतल्या अनेकांत सेन्सर लहान असतो आणि ‘४८ मेगापिक्सेल’ हा आकडा सॉफ्टवेअरने चित्र फुगवून गाठलेला असतो. दुधात पाणी घातल्याने घागर भरते, दूध वाढत नाही. ‘१६ पट झूम’ही बहुधा डिजिटल असतो, म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवायचा. चारपट डिजिटल झूम केला की चित्राचा सोळावा भागच उरतो, म्हणजे १६ मेगापिक्सेलचा फोटो एक मेगापिक्सेलवर येतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. कॅमेरा सुरू करून झूमचे बटण दाबावे. भिंगाची नळी पुढेमागे हलली, तर झूम खरा, म्हणजे ऑप्टिकल. खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यात नळी जागची हलली नाही, तर असा कॅमेरा खाली ठेवावा.

मग त्याचे बळ कशात?

पहिले बळ याच हलणाऱ्या नळीत. समजा, समोर तीस मीटरवर वाघ आहे. फोनच्या साध्या भिंगाच्या चौकटीत त्या अंतरावर सुमारे ४० मीटर रुंदीचा परिसर मावतो. वाघ त्यात ठिपक्याएवढा. पाचपट ऑप्टिकल झूमच्या कॅमेऱ्यात तीच चौकट सुमारे आठ मीटरवर येते, तर आठपट झूममध्ये पाच मीटरवर. वाघ तोच आणि अंतरही तेच, पण फोटोत तो वाघ म्हणून ओळखू येतो. वेगळे टेलिफोटो भिंग असलेले फोन आहेत, पण ते या किमतीत बसत नाहीत.

अमरावती जिल्ह्यात हे उदाहरण कल्पनेतले राहत नाही. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेला मेळघाट याच जिल्ह्यात आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात २०२४च्या अखेरीस वाघीण आणि तिच्या बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी घेरल्याच्या प्रकाराची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन भागात मोबाइल वापराला मनाई केली. ही मनाई मोबाइलला आहे, कॅमेऱ्याला नाही. त्यामुळे वर्षातून एकदा जंगल पाहायला जाणाऱ्या कुटुंबासाठी खिशातला छोटा कॅमेरा अचानक कामाचा झाला आहे. प्रवेशद्वारावरचे नियम आणि कॅमेऱ्याचे शुल्क मात्र आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

दुसरे बळ फ्लॅशचे. नामांकित छोट्या कॅमेऱ्यांत झेनॉन फ्लॅश असतो. तो क्षणभरच चमकतो, पण फोनच्या दिव्यापेक्षा कितीतरी जोरात. हळदीच्या मांडवात नाचणारी पोरे, रात्रीची वरात, गणपतीची मिरवणूक अशा ठिकाणी हलता माणूस तो गोठवतो. तरुणांना आवडणारा ‘जुन्या फोटोंचा लूक’ म्हणतात तो बराचसा याच फ्लॅशमुळे येतो. पण त्याची पोच दोन-तीन मीटरच. सभागृहात मागच्या खुर्चीवरून फ्लॅश मारून मंच उजळत नाही.

तिसरे बळ जवळच्या फोटोचे. यांतली बरीच मॉडेल काही सेंटिमीटरवरून फोकस करतात. संत्र्याच्या पानाखालची काळी माशी किंवा कपाशीच्या बोंडातली अळी कृषी सहायकाला दाखवायची, तर असा फोटो स्वस्त फोनच्या दोन मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ भिंगापेक्षा स्पष्ट येतो.

आणि चौथे बळ म्हणजे हा कॅमेरा फक्त कॅमेरा आहे. शाळेच्या सहलीला मुलाच्या हाती फोन द्यायला पालक धजत नाहीत. कॅमेरा देता येतो. त्यात खेळ नाही, रील नाही, अनोळखी माणसाचा संदेश नाही. मूल फोटो काढायला शिकते आणि ‘फोन कुठे ठेवला’ ही घरातली धाकधूकही राहत नाही.

तोटे कोणते?

सर्वात मोठा तोटा अंधाराचा. सोनी डब्ल्यू८०० पूर्ण झूमवर नेला की भिंगाचे तोंड एफ/३.२ वरून एफ/६.४ वर येते, म्हणजे आत शिरणारा प्रकाश चौथाईवर येतो. सेन्सर आधीच लहान, त्यात प्रकाश कमी. त्यामुळे स्नेहसंमेलनात मंचावर झूम करून काढलेला फोटो हललेला किंवा दाणेदार येण्याचीच शक्यता जास्त. झूम उन्हात सोने, अंधारात माती.

दुसरा तोटा उन्हाचा. अशा कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा साधारणतः ४० अंश सेल्सिअसपर्यंत दिलेली असते. अमरावती-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. बंद गाडीत त्याहून वर. फोनचीही तीच गत, पण फोन सहसा माणसासोबत सावलीत असतो आणि कॅमेरा डिकीत विसरला जातो. कडक उन्हात मागचा लहान पडदाही नीट दिसत नाही आणि डोळा लावून पाहायची खिडकी या वर्गात जवळपास नसतेच.

तिसरा तोटा धुळीचा. झूमची नळी पुढेमागे होताना पिचकारीसारखी हवा आत ओढते. सोबत धूळ आणि तंतूही. कापसाच्या आणि सूतगिरण्यांच्या मुलखात हे विसरून चालत नाही. नळी अडकणे किंवा फोटोत कायमचा डाग दिसणे या अशा कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी आहेत आणि दुरुस्तीचा खर्च अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीच्या घरात जातो.

चौथा तोटा सोयीचा. एका चार्जिंगमध्ये साधारण २०० फोटो निघतात. बहुतेक जुन्या स्वस्त मॉडेलमध्ये वाय-फाय नाही, म्हणून कार्ड काढून रीडरने फोनला जोडावे लागते. डब्ल्यू८००, इक्सस १८५ आणि ए१० यांचा व्हिडिओही ७२० रेषांपुरताच आहे. साधा फोन त्यापेक्षा चांगला व्हिडिओ घेतो.

शेतीच्या कामाला उपयोग होतो का?

इथे गैरसमज होऊ नये. कीड दाखवायला फोटो चालेल. सरकारी नोंदीला चालणार नाही. राज्यात २०२१ पासून सुरू असलेली ई-पीक पाहणी फोनवरच्या ॲपमधूनच होते. तिथे पिकाच्या फोटोसोबत ठिकाणाची नोंदही जाते. पीकविम्यासाठी नुकसानीची सूचना ॲपवरून द्यायची झाली, तरी फोनच लागतो. साध्या छोट्या कॅमेऱ्यात जीपीएस नसते. फोटो कितीही सुंदर असो, तो कोणत्या गटातल्या कोणत्या शेताचा हे त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून घरात एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील आणि फोन जुना झाला असेल, तर शेतकरी कुटुंबाने आधी फोन बदलावा.

पक्षी टिपण्याची हौस असणाऱ्यांनीही हा कॅमेरा घेऊ नये. वीस मीटरवरचा वीतभर पक्षी पाचपट झूममध्येही चौकटीच्या विसाव्या भागाएवढाच दिसतो. त्यासाठी तीस-चाळीस पट झूमचे मोठे ‘ब्रिज’ कॅमेरे लागतात आणि त्यांचे अंदाजपत्रक वेगळे.

जुना घ्यावा की नवा?

चार-सहा हजारांत अनोळखी नव्या कॅमेऱ्यापेक्षा नामांकित कंपनीचा, नीट वापरलेला जुना कॅमेरा बहुधा चांगला. मात्र तो हातात घेऊन, सुरू करून, स्वतःचे कार्ड घालूनच घ्यावा. नळी आवाज न करता आतबाहेर होते का, ते पाहावे. पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूमवर फोटो काढून मोठा करून डाग तपासावेत. बॅटरी फुगलेली नसावी आणि त्या मॉडेलची बॅटरी व चार्जर अजून मिळतो का, याची खात्री करावी. दोन साध्या ‘डबल ए’ सेलवर चालणारे मॉडेल या बाबतीत निर्धोक. सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. हौसेमुळे जुन्या कॅमेऱ्यांचे भावही चढले आहेत, तेव्हा मूळ किमतीपेक्षा जास्त मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघावे. आणि नवी असो वा जुनी, परत करण्याची मुदत नसलेली वस्तू ऑनलाइन मागवू नये.

निष्कर्ष काय?

हा कॅमेरा फोनला पर्याय नाही. फोन जिथे पोहोचत नाही, चालत नाही किंवा द्यावासा वाटत नाही, तिथला जोडीदार आहे. जंगलाची फेरी, मुलाची सहल, रात्रीचा लग्नमांडव यांपैकी एखादे कारण घरात खरोखर असेल, तर खऱ्या झूमचा आणि ओळखीच्या कंपनीचा कॅमेरा पैसे फेडतो. फोटो काढून लगेच व्हॉट्सॲपवर टाकायचे एवढेच काम असेल, तर नाही. पाठवताना तिथे चित्र सहसा आकुंचन पावते आणि कॅमेऱ्याने कमावलेली स्पष्टता वाटेतच गळते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. फोन हरवला की वर्षांचे फोटो जातात. कार्ड खराब झाले तरी तेच. लग्नाचा जुना अल्बम पेटीत ठेवलेल्या घरांत आज नातवाच्या बारशाचा एकही छापील फोटो नसतो. आठ हजारांतले पाचशे रुपये बाजूला काढून दर दिवाळीला निवडक फोटो छापून घेतले, तर कॅमेरा कोणताही असो, तो वसूल झाला असे म्हणता येईल.