जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे!

‘जेनेटिक आहे म्हणे!’ प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. बोलणारा आवाज खाली आणतो आणि ऐकणाऱ्यांची नजर त्या घरातल्या मुलाकडे जाते. माझ्या माहितीतल्या एका घरी वडिलांच्या गाठीच्या तपासणीत ‘पीटेन लॉस’ असे दोन शब्द आले, आणि तेवढ्यावर मुलाच्या लग्नाची बोलणी थांबली. रिपोर्ट इंग्रजीत. त्याचा अर्थ विचारायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण तो सगळ्यांनी आधीच ठरवून टाकला होता... घराण्यात रोग आहे!

हा अर्थ साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे डॉक्टरांनी न सांगणं मला अक्षम्य वाटतं.

पीटेन हे दहाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक. १९९७ साली ते सापडलं. त्याचं काम ब्रेकचं. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा जो निरोप आत पोचत असतो, तो या जनुकामुळे तयार होणारं प्रथिन आवरून धरतं. प्रोस्टेटच्या गाठीत पेशी दुभंगत असताना कधीकधी गुणसूत्राचा तुकडाच गळून जातो, आणि त्या तुकड्यावर असा एखादा ब्रेक असला तर तोही जातो. आठव्या गुणसूत्राच्या आखूड भागावरचं एनकेएक्स ३.१, तेराव्यावरचं आरबी-१, सतराव्यावरचं टीपी-५३ ही सगळी अशीच गहाळ होणारी मंडळी. आठव्याचा तुकडा बहुधा फार लवकर जातो. पीटेन रोग पुढे सरकलेल्या गाठींत जास्त वेळा गेलेलं दिसतं. डॉक्टर ते बघतात ते गाठ किती आडदांड निघेल याचा अंदाज घ्यायला. मुलाची पत्रिका मांडायला नव्हे!

(आणि वर्तमानपत्रं? ‘कॅन्सरचं जनुक सापडलं’ असा मथळा देऊन मोकळी. चोरी झाल्यावर पळवून नेलेल्या वॉचमनचा फोटो ‘चोर’ म्हणून छापावा, तसलाच हा प्रकार.)

बरं, ही गळती झाली कुठे? त्या माणसाच्या साठीत-सत्तरीत, प्रोस्टेटच्या एका पेशीत आणि तिच्यापासून वाढलेल्या गाठीत. त्याच्या रक्तातल्या पेशींत ते जनुक शाबूत असतं. शुक्रजंतू तयार होतात वृषणात. प्रोस्टेट त्यात नुसता द्रव घालते. मग प्रोस्टेटमधलं फाटलेलं पान मुलाकडे जाणार कुठल्या वाटेने? शिवाय मुलगा जन्मला त्याला तीस वर्षं झाली, आणि गाठ आत्ताची. एका पोराच्या पुस्तकातलं पान फाटलं म्हणून छापखान्यातल्या सगळ्या प्रती फाटत नाहीत, हे तिसरीतल्या मुलालाही समजतं.

हा फरक काही कालपरवा कळलेला नाही. १९७१ साली आल्फ्रेड नडसन या अमेरिकन डॉक्टरने लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचा हिशेब मांडला. आपल्याकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. काही मुलं एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात, त्यांना रोग लवकर होतो आणि बरेचदा दोन्ही डोळ्यांत. इतरांच्या दोन्ही प्रती जन्मानंतर जातात, त्यांना तो एकाच डोळ्यात आणि जरा उशिरा होतो. जनुक तेच, रोग तोच. पण एक घरातून आलेला आणि एक नाही. (प्रत्येक जनुक या हिशेबाने चालतंच असं नाही. एनकेएक्स ३.१ ची एक प्रत गेली तरी बिघाड सुरू होऊ शकतो. असो.)

इंग्रजीतल्या ‘जेनेटिक’ने दोन्ही अर्थ एकाच पिशवीत भरले. मराठीत आपल्याकडे दोन स्वच्छ शब्द आहेत, जनुकीय आणि आनुवंशिक. तरी आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो आणि घरंच्या घरं घाबरवतो. ही कसली भाषेची श्रीमंती?

मग प्रोस्टेटचा कॅन्सर आनुवंशिक नसतोच का? काहींच्या बाबतीत असतो. बापाला किंवा भावाला तो असेल तर धोका साधारण दुपटीने वाढतो. बीआरसीए-२ या जनुकातला दोष जन्मतः मिळालेला असेल तर आणखी वाढतो, आणि रोगही जास्त जोरदार असतो. पण ते कळायला रक्ताची किंवा लाळेची तपासणी लागते. नुसता गाठीचा तुकडा बघून त्याचा निवाडा होत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘हा दोष गाठीतला, की जन्मापासूनचा?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.

गंमत अशी, की जिथे खरोखर घरात सांगायला हवं तिथेच आपण गप्प बसतो. बीआरसीए-२ चा दोष पुरुषाला आईकडूनही आलेला असू शकतो. तिच्या माहेरी कुणाला स्तनाचा, कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झालेला असतो आणि तो ‘बायकांचा आजार’ म्हणून दडपलेला असतो. रोग पसरलेल्या पुरुषात असा दोष सापडला तर त्याच्यासाठी ओलापॅरिब हे औषध आहे, अमेरिकेत २०२० मध्ये त्याला या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. आणि तोच दोष त्याच्या प्रत्येक मुलाकडे, मुलीकडेही, निम्म्या शक्यतेने गेलेला असतो. तिला वेळेवर तपासणी करून घेता येईल. पण तिला सांगतो कोण? तिचं लग्न व्हायचंय ना अजून!