आजीचं जातं आणि साडेतीनशेची थाळी

सुट्टीत सकाळी म्युझियम आणि दुपारी बाहेर जेवण, या कार्यक्रमाबद्दल मला भांडायचंय. म्युझियमशी माझं वैर नाही, जेवणाशी तर मुळीच नाही. पण आपण गावाकडची माणसं शहरात जाऊन ज्या वस्तूंसमोर फोन काढून उभी राहतो, त्या वस्तू आपल्याच घरातून कधी आणि कशा गेल्या, हे कुणी विचारत नाही. मी विचारणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पिंपळीहून पुण्याला गेलो. आजी, आई-बाबा, धाकटी बहीण आणि मी. बारामती, मोरगाव, सुपे, चौफुला असा नेहमीचा रस्ता. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायचं आणि जेवून परत फिरायचं, असा बेत होता. 'तासाभरात उरकू' असं बाबा गाडीतच म्हणाले होते. म्युझियम हे आपल्याकडे उरकायचंच असतं.

ते उरकलं नाही, कारण आजी दिव्यांपाशी थांबली. मग अडकित्त्यांपाशी. मग पाय घासायच्या वज्रीपाशी तर बसायलाच जागा शोधू लागली. 'आमच्या सासूबाईंची आशीच व्हती, मोराची.' बहिणीला वज्री म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. आजीनं तिला सांगितलं, चप्पल काढून पाय कसा घासायचा ते करूनही दाखवलं. मस्तानी महाल बघायला गर्दी होती. आजीनं तिकडे फार लक्ष दिलं नाही.

आणि आजीचं बरोबर होतं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हा 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहिणारा माणूस. त्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं संग्रह उभा केला आणि १९६२ साली तो राज्य शासनाच्या हवाली केला. सुमारे २० हजार वस्तू, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. राजेरजवाड्यांच्या तलवारी कुणीही जपतो. या माणसानं झारे, पानाचे डबे, दिवे, खेळणी जपली. बाईच्या हातात रोज असणारी वस्तू इतिहास असते, हे त्याला तेव्हा कळलं. आपल्याला अजून कळायचंय.

मग जेवण. 'अस्सल गावरान' अशी पाटी असलेलं एक हॉटेल बहिणीनं फोनवर शोधून ठेवलं होतं. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर सुपं, तांब्याच्या घंगाळाला भोक पाडून केलेलं बेसिन. पिठलं-भाकरी-ठेच्याची थाळी साडेतीनशे रुपये. टेबल म्हणजे एकावर एक ठेवलेली जाती आणि वर काच. आजी बसेना. 'जात्यावर ताट ठिवत्यात व्हय?' वेटर हसला, आम्हीही हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते. जात्याला हळद-कुंकू लावून मगच लग्नाचं दळण काढणाऱ्या बाईला आम्ही त्याच दगडावर खरकटं सांडायला सांगत होतो, वर त्याचे पैसेही मोजत होतो.

हॉटेलवाल्याला मी दोष देत नाही. त्याला जातं विकलं कुणी? आपणच. आमच्या घरी जुनं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा तांब्याचा बंब, दोन हंडे आणि पितळी परात मोडीत गेली. वजनावर. कुणाच्या लग्नात आली, कुणाचं नाव कोरलंय, हे तराजूत मोजत नाहीत. परातीवर आजीच्या आईचं नाव होतं, हे मला त्या दिवशी जेवताना कळलं.

'अरे, सुट्टी आहे, खाऊ दे की लोकांना,' असं कुणी म्हणेल. खा. मीही ठेचा दोनदा मागितला. दुसरं कुणी म्हणेल, गावात आधी पाणी आणा, मग म्युझियम. पण मी इमारत मागतच नाही. मी एवढंच म्हणतोय की आपला भूतकाळ बघायला दरवेळी शंभर किलोमीटर जावं लागतं, कारण तो आपल्याकडे आहे असं आपल्याला वाटतच नाही.

पुरावा हवा असेल तर तो याच रस्त्यावर आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वधारलेले कापसाचे भाव युद्ध संपल्यावर कोसळले होते, सरकारनं शेतसारा वाढवला होता, आणि कर्जरोखे कोर्टात दाखवून जमिनी जात होत्या. त्यांनी माणसं मारली नाहीत, रोखे मागितले आणि जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. इतिहासाच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून परिच्छेद आहे. मी तो पाठ केला होता. सुपे म्हणजे आपलंच सुपे, हे मला कॉलेजात कळलं. या गावातून मी शेकडो वेळा गेलोय, चहाला थांबलोय, आणि एकदाही कुणी गाडीत म्हणालं नाही की हे इथं झालं.

परतताना मी म्हणालो. अंधार पडला होता, बहीण झोपली होती. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'आमच्या सासऱ्याचं बी कागद व्हतं की, ट्रंकंत. मोडी का काय त्ये. कुनाला वाचाय येत न्हवतं. घर पाडलं तवा बंबात घातलं.'

बाबा काही बोलले नाहीत. मी त्या आठवड्यात घरातल्या उरलेल्या भांड्यांवरची नावं वाचून काढली, फोटो काढले, आणि प्रत्येकाखाली आजी सांगेल ते लिहिलं. अकरा भांडी निघाली. शेजारच्या काकूंकडे त्याहून जास्त आहेत, पण त्यांचं बांधकाम संक्रांतीनंतर सुरू होतंय.