वेल्डिंगचें टेबल

घरांतील मुलगा वेल्डिंग शिकून स्वतःचा कारखाना काढूं लागला, कीं वडील माणसें यंत्राची किंमत विचारतात. टेबलाची विचारपूस कोणी करीत नाहीं. आम्ही ती आधीं करूं. टेबलास जो पीळ असेल, तोच त्यावर सांधलेल्या प्रत्येक फाटकांत व खिडकींत उतरतो.

वरची प्लेट १२ मिलिमीटर जाडीची असावी. १२०० बाय ७५० मिलिमीटरची अशी प्लेट सुमारें ८५ किलो भरते. हें वजनच कामास येतें. सांगाड्यास प्रथम नुसते टाके घालावे, आणि दोन्ही कर्ण सारखे भरल्यावरच तो पक्का सांधावा. तापलेलें लोखंड निवतांना आखडतें व प्लेट वांकवतें. म्हणून तिच्याखालीं सलग सांधा न काढतां बोटभर लांबीचे तुटक सांधे समोरासमोर घालावे. कारखान्याची जमीन क्वचितच सपाट असते. यासाठीं प्रत्येक पायाच्या तळाशीं नट सांधून त्यांत बोल्ट बसवावा, पाणसळ पाहून तो फिरवावा व दुसऱ्या नटानें आवळावा. उंची बदलण्याकरितां एकांत एक सरकणाऱ्या चौकोनी नळ्या सोयीच्या खऱ्या. पण त्या सैल असल्यास टेबल डोलूं लागतें.

एका काटकसरीस मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. माळ्यावरचे जुने, जस्ताचा मुलामा दिलेले पाण्याचे नळ पायांसाठीं घेऊं नयेत. आंचेनें जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातींत गेल्यास कांहीं तासांनीं हुडहुडी भरून ताप येतो. घरीं त्यास हिवताप समजून काढा होतो, आणि ताप उतरतांच मुलगा पुन्हां त्याच नळांपाशीं जाऊन बसतो.